तवंगाखालची वाफ

ओदोरी पार्कात सकाळी नऊ वाजताच जेसीबी लागले होते. आदल्या रात्रीपर्यंत ज्या बर्फाच्या महालापुढे लोक हातमोजे काढून, बोटं बधिर होईपर्यंत फोटो काढत होते, त्याचा मनोरा लोखंडी पंजाच्या दुसऱ्या टोल्याला खाली आला. उत्तर जपानमधल्या साप्पोरोचा हिम महोत्सव संपला की दुसऱ्या दिवशी मोठी शिल्पं पाडून टाकतात. ऊन लागून एखादा कडा कुणाच्या डोक्यावर येऊ नये, एवढंच कारण. बघणारे आम्ही पाच-पन्नास जण दोरीच्या अलीकडे गप्प उभे. आपल्याकडे विसर्जनाला निदान ढोल तरी असतो.

मी राहतो योकोहामात. ऑफिसचं दोन दिवसांचं काम होतं, ते आदल्या संध्याकाळी उरकलं होतं आणि परतीचं विमान रात्रीचं होतं. मधला दिवस माझा. तो कसा घालवायचा हे ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मी निघण्यापूर्वीच ठरवून टाकलं होतं. ते मूळचे होक्काइदोचे, म्हणजे साप्पोरो ज्या बेटावर आहे तिथले, एरवी मोजून बोलणारे. त्यांनी प्रिंटरमधला एक कागद ओढला, त्यावर मेट्रोची रेघ मारली, रेघेवर टिंबं दिली, शेवटच्या टिंबाला गोल केला आणि बाजूला लिहिलं : 'साडेदहाच्या आत'. कागद हातात देताना म्हणाले, "की ओ त्सुकेते." म्हणजे, सांभाळून. मला वाटलं, रस्त्यावरच्या बर्फाबद्दल म्हणतायत.

तसं वाटायला कारणही होतं. साप्पोरोत एका हिवाळ्यात साधारण पाच मीटर बर्फ पडतो आणि वीस लाखांच्या आसपास माणसं त्यातून रोज कामाधंद्याला जातात. ताजा बर्फ बिचारा काही करत नाही. तो तुडवला जाऊन, दिवसा जरासा वितळून, रात्री पुन्हा गोठून आरशासारखा होतो तेव्हा घात करतो. म्हणून चौकांत पेट्या ठेवलेल्या असतात आणि त्यात बारीक खडीच्या पिशव्या. कुणीही पिशवी काढावी, फोडावी आणि आपल्यापुढे खडी पसरत रस्ता ओलांडावा. माझ्यापुढे एक आजीबाई होत्या. शेतात बी फेकावं तशी त्यांनी मुठीमुठीने खडी फेकली, पलीकडे पोचल्या, आणि मागे वळून मला मानेनेच 'ये' म्हणून खुणावलं. त्यांनी पेरलेल्या वाटेवरून मी रस्ता ओलांडला.

ओदोरीहून मेट्रोच्या तोहो लाइनवर चौथं स्टेशन मिसोनो. मी निघालो होतो मिसो रामेन खायला. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट गोळा, आणि रामेन म्हणजे वाडगाभर गरम, मसालेदार पाण्यातल्या नूडल्स. पाटी वाचून मी मनात म्हटलं, वा, मिसो खायला मिसोनो! त्या नावाचा आणि मिसोचा काही संबंध नाही. मिसोनो म्हणजे सुंदर बाग. पण मी पडलो कोल्हापूरचा. मला मिसोच्या आधी मिसळ ऐकू येते, आणि पुढे जे झालं त्यात कोल्हापूरचा हात होताच, म्हणून हा फुटकळ विनोद खोडत नाही.

दुकानाचं नाव साइमी. वस्तीतल्या साध्या रस्त्यावरचं दुकान. दहा पंचवीसला पोचलो तर दार बंद आणि माझ्यापुढे सव्वीस माणसं. मोजली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. उणे सहा तापमान होतं.

मिसळीच्या रांगेत मी लहानपणापासून उभा राहिलोय. रविवारी सकाळी, वडिलांचा हात धरून. तिथे रांग असते असं म्हणणंही धाडसाचं. दारात घोळका असतो, खाणाऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून त्याच्या पावाकडे बघणारे असतात, आणि 'किती जण हो?' असं ओरडणारा एक पोरगा असतो. इथे सव्वीस जण भिंतीला लागून, एकमेकांत हातभर अंतर ठेवून उभे. कुणी बोलत नाही. एका बापाने आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या बुटांना लागलेला बर्फ वाकून झटकला, तेवढाच काय तो आवाज. पाच मिनिटांनी माझ्या पायांचे अंगठे आहेत की नाहीत याची खात्री वाटेना. आणि मग जो प्रश्न मिसळीच्या दारात कधीच पडला नव्हता तो इथे पडला : ही माणसं इथली आहेत, हे त्यांना दर आठवड्याला मिळू शकतं, मग एका वाडग्यासाठी इतक्या थंडीत का उभी राहतात?

उत्तर थंडीतच असणार, असं मला आता वाटतं. पण ते पुढे.

मिसो रामेन ही जपानची कुठली पुरातन परंपरा वगैरे नाही. माझ्या वडिलांहून ती वयाने लहान आहे. मिसो जुना, नूडल्सही बऱ्यापैकी जुन्या, पण दोन्ही एका वाडग्यात आणले ते साप्पोरोतल्या 'आजी नो सान्पेइ' या दुकानाच्या ओमिया मोरितो यांनी, १९५५च्या सुमाराला. तोवर रामेनचं पाणी सोया सॉसचं किंवा मिठाचं. ओमियांना ही कल्पना कशी सुचली याची एक गोष्ट सांगतात. स्वित्झर्लंडच्या मॅगी कंपनीच्या प्रमुखांचं मत त्यांनी एका मासिकात वाचलं : मिसोसारखा उत्तम पदार्थ घरात असताना जपानी माणसं त्याचा पुरेसा उपयोग करत नाहीत. ते वाचून ओमिया कामाला लागले. म्हणजे माझ्या पिढीच्या डब्यात पिवळ्या पाकिटातून जी मॅगी आली, तिच्या कुळातल्या कुणीतरी इथे आधीच काडी लावून ठेवली होती! ओमियांनी निशियामा नावाच्या नूडल कारखानदाराबरोबर खपून या दाट पाण्याला पेलतील अशा जाड, कुरळ्या, पिवळ्या नूडल्सही बनवून घेतल्या. मग १९६८मध्ये 'साप्पोरो इचिबान' या पाकिटातल्या रामेनची मिसो चव आली, १९७२मध्ये इथे हिवाळी ऑलिंपिक झालं, आणि सगळ्या जपानला कळलं की थंडीत साप्पोरोची माणसं काय खातात.

अकराला दार उघडलं, पहिली तुकडी आत गेली. रांग पुढे सरकली आणि पुन्हा थांबली.

साइमीचं घराणं वेगळं आहे. घराणं हा शब्द मी गंमत म्हणून वापरत नाही, इथले लोक रामेनबद्दल खरंच तसं बोलतात : हा अमक्याकडे शिकला, त्याच्या पाण्यात अजून गुरूची चव आहे, आता जरा स्वतःचं दिसायला लागलंय. १९६४मध्ये मुरानाका आकिको नावाच्या बाईंनी नाकानोशिमा भागात दुकान काढलं. पाटीवरची अक्षरं 'सुमिरे' अशी वाचावीत अशी त्यांची इच्छा होती. गिऱ्हाइकं मात्र तीच अक्षरं 'जुनरेन' वाचायची. बाईंनी पुष्कळ दिवस दुरुस्त करून पाहिलं असेल, पण गिऱ्हाइकापुढे कुणाचं चाललंय? पुढे मुलं धंद्यात आली तेव्हा एकाचं दुकान 'जुनरेन' झालं, दुसऱ्याचं 'सुमिरे'. एका आईची एक पाटी, दोन पोरांनी दोन उच्चारांनी वाटून घेतली. जमिनीच्या वाटण्या इतक्या गोडीत होताना मी पाहिलेल्या नाहीत. साइमीचे मालक या सुमिरेत तयार झाले आणि २०००मध्ये त्यांनी आपला वेगळा संसार मांडला.

मी आत गेलो तेव्हा बारा वाजायला आले होते. दार सरकवल्याबरोबर चष्म्यावर वाफ धरली आणि मी आंधळा झालो. आधी नाकाने दुकान पाहिलं. लसूण, तापलेली चरबी, आणि त्यामागून एक खमंग, आंबूस, किंचित करपट वास. हा वास माझ्या ओळखीचा होता. कुठून ओळखीचा, ते चष्मा पुसून झाल्यावर कळलं : समोर फोडणी चालली होती.

काउंटरवर जागा मिळाली, कढईच्या अगदी समोर. खोलगट लोखंडी कढई, तिच्यात डुकराची चरबी, धूर निघेपर्यंत तापवलेली. तिच्यात लसूण, मोड आलेले मुगाचे लांब कोंब, कांदा. एक झटका, ज्योत कढईच्या काठावरून आत डोकावली. मग मिसोचा गोळा. तो चरबीत पडताच चर्र झालं आणि सबंध काउंटरचा श्वास एकदम बदलला. वर मोठ्या डावाने हाडांचं उकळतं पाणी. सगळं मिळून मिनिटभराचा खेळ.

ज्यांनी जपानी घरात जेवण केलंय त्यांना यात काय चुकतंय ते लगेच कळेल. घरी मिसोचं सूप करतात तेव्हा पहिला नियम असा, की मिसो उकळायचा नाही. गॅस बंद करायचा आणि मग चमच्यावर मिसो घेऊन हळूच विरघळवायचा. उकळला की सुगंध गेला. योकोहामात आमच्या शेजारच्या काकूंनी मला हे इतक्यांदा बजावलंय की मी मिसोला एखाद्या आजारी माणसासारखा हाताळतो. सोयाबीन शिजवायचं, त्यात कोजी नावाची बुरशी चढवलेला तांदूळ आणि मीठ कालवायचं, आणि महिनोन्‌महिने, कधी वर्ष-दोन वर्षं दडपून ठेवायचं. इतक्या सबुरीने तयार झालेली वस्तू. त्या कोजीचा मान एवढा, की २००६मध्ये तिथल्या मद्यनिर्मितीतल्या तज्ज्ञांच्या संस्थेने तिला 'राष्ट्रीय बुरशी' जाहीर केलं. (आपल्याकडे लोणच्याच्या बरणीवर बुरशी दिसली तर सून बदनाम होते.) आणि इथे हा माणूस त्याच मिसोला धुरावलेल्या चरबीत टाकतो! पण चुकतंय असं त्या वासाला कोण सांगणार? घरच्या सुपातला मिसो कुजबुजतो. हा बोलत होता.

वाडगा समोर आला. जाड, तापवलेला. वर पिवळसर तपकिरी पाणी, दोन-तीन तुकडे चाशू, म्हणजे मंद शिजवलेलं डुकराचं मांस, त्यावर किसलेल्या आल्याची छोटीशी टेकडी, कांद्याची पात, बांबूचे आंबवलेले कोंब. पाणी इतकं शांत होतं की वरच्या दिव्याचं प्रतिबिंब त्यात हलत नव्हतं. वाफ नावालाही नाही. मला जरा वाईटच वाटलं. दीड तास गारठल्यावर कोमट? आईला पाठवायला एक फोटो काढला. मग चिनी मातीचा तो रुंद चमचा उचलला. त्याला इथे 'रेंगे' म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ, गळून पडलेली कमळाची पाकळी. पाकळीभर पाणी घेतलं आणि सरळ तोंडात घातलं.

जीभ, टाळू, घशाची सुरुवात, सगळं एका क्षणात पोळलं. ओरडावं तर सव्वीस माणसांची शांतता. थुंकावं तर कुठे? गिळलं. डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे न बघता थंड पाण्याचा जग माझ्या बाजूला सरकवला. त्या सरकवण्यात इतका सराव होता की माझ्यासारखे रोज येत असणार. आणि तेव्हा मला तो कागद, ती चार टिंबं आणि 'की ओ त्सुकेते' आठवलं.

रेंगे तिरका करून पाण्यावरून फिरवला तेव्हा दिसलं. वर पारदर्शक चरबीचा थर होता, तवंग. गरम पाण्याची उष्णता मुख्यतः जाते ती वाफेवाटे. वर तेलाचं झाकण बसलं की वाफ निघत नाही, आणि वाफ नाही म्हणजे गरमपणाही जागचा हलत नाही. जो वाडगा धुमसताना दिसतो तो निवत असतो. हा निवायला तयारच नव्हता. सुमिरेच्या घराण्याची ही खूण. या शहरात माणूस बाहेरून येतो तो गोठून येतो, दार दर दोन मिनिटांनी उघडतं, प्रत्येक वेळी बाहेरची उणे सहा आत येते. शेवटच्या घोटापर्यंत वाडगा गरम ठेवायचा तर त्याला पांघरूण हवंच. चरबी, तापलेलं भांडं, जाड नूडल्स, वरचं आलं, सगळे एकाच कामाला लावलेले. बटर आणि मका घातलेला वाडगा पर्यटकांच्या फोटोंत फार असतो. आदल्या रात्री साप्पोरोतल्याच सुसुकिनो भागातल्या रामेन गल्लीत मीही तो खाल्ला. वाईट नव्हता, पण बटरने पाणी गोडसर, सुस्त होतं. हा वाडगा जागा होता.

नूडल्सबद्दल थोडं. त्यांचा पिवळा रंग अंड्यामुळे असेल असं मला वाटायचं. खरं काम कान्सुइचं, म्हणजे खाराच्या पाण्याचं. आपण पापडात पापडखार घालतो त्याच जातीची वस्तू. त्याने गव्हाचं पीठ पिवळं पडतं आणि त्याला ताण येतो, दात लावला की जरा उलट ढकलतं. कुरळेपणामुळे प्रत्येक वळणात पाणी अडकून वर येतं. आणि ते खायचं ते आवाज करून. जपानीत त्या आवाजाला 'झुरुझुरु' म्हणतात. मराठीत भुरका. आमटीभाताचा भुरका मारला की आजी खूश व्हायची आणि आत्या डोळे वटारायची, 'पाहुण्यांसमोर नको हं.' तीन वर्षं जपानात राहूनही मी ऑफिसच्या जेवणात नूडल्स जपून, न वाजवता खात आलो होतो. त्या दिवशी पोळलेल्या जिभेला पर्याय राहिला नाही. भुरका मारला की नूडलबरोबर हवा आत जाते, ती जरा निवते आणि वास नाकात चढतो. दुसऱ्या भुरक्याला मला आवाज जमला. तिसऱ्याला आत्या विसरलो.

निम्मा वाडगा झाल्यावर ती आल्याची टेकडी मी पाण्यात ढकलली. शेजारच्या गृहस्थांनी तसं केलं होतं म्हणून. आणि वाडगा दुसराच झाला. तोवर जड, दाट, खारट होत चाललेल्या पाण्यात आलं शिरलं आणि सगळं हलकं झालं, घसा मोकळा झाला, कानाच्या पाळ्यांपर्यंत ऊब पोचली. मला ही युक्ती फार आवडली. एकाच वाडग्यात मध्यंतर, आणि मध्यंतरानंतर राग बदललेला.

आता एक अवघड गोष्ट. आमच्या घरी बुधवारी-रविवारी मटण ठरलेलं. पण डुकराचा शब्दही ताटावर निघत नाही. पहिल्या वर्षी मी चाशू बाजूला काढून ठेवायचो आणि पाणी निर्धास्त प्यायचो, जणू ते पाणी हाडांचं नसून बिसलेरीचं आहे. मग एके दिवशी ते नाटक सोडलं. गावाकडे मात्र मिसो म्हणजे सोयाबीन एवढंच ठाऊक आहे, आणि ते खोटं नाही. फक्त अर्धंच आहे. माळकरी मावशीने फोनवर 'सोयाबीनचंच ना ते? मग मलाही चालेल की' म्हटलं होतं तेव्हा तिला मात्र मी स्पष्ट सांगितलं, की मावशी, मिसो चालेल, मिसो रामेन नाही. हाडांच्या पाण्याशिवाय, चरबीशिवाय ते करणारी दुकानं शोधावी लागतात. सहलीला येणाऱ्या शाकाहारी मंडळींनी नुसत्या 'सोयाबीन' या शब्दावर विसंबून रांगेत उभं राहू नये. मावशीला सांगितलं. आईला सांगायचं राहिलं.

माझं खाऊन झालं तेव्हा घड्याळ पाहिलं. वाडगा आल्यापासून चौदा मिनिटं. इथे रामेन खाऊन कुणी बसत नाही. वाडगा आपणच उचलून काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवायचा, फडक्याने आपल्यापुढची जागा पुसायची, 'गोचिसोसामा', म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणायचं, निघायचं. बाहेर रांग आता वळणापर्यंत गेली होती. माझ्या कोटाची बटणं उघडी होती हे मला स्टेशनवर पोचेपर्यंत कळलं नाही.

विमानाला अजून वेळ होता. मी परत शहरात आलो आणि ओमियांचं ते पहिलं दुकान निदान डोळ्यांनी पाहावं म्हणून शोधत गेलो. 'आजी नो सान्पेइ' आज आहे कुठे, तर एका मोठ्या स्टेशनरीच्या दुकानाच्या चौथ्या मजल्यावर! खाली वह्या, पेनं, रंग, कागदाचे शेकडो नमुने. वर जाऊ लागलं की शाईच्या आणि कोऱ्या कागदाच्या वासात हळूहळू मिसो मिसळायला लागतो. आणि चौथ्या मजल्यावर, वह्या-पेन्सिलींच्या शेजारी, माणसं खुर्च्यांवर ओळीने बसून आपल्या पाळीची वाट बघतायत. इथल्या वाडग्यात चाशूचे तुकडे नसतात, मांस बारीक खिमा करून घालतात. पोटात जागा असती तर बसलो असतो. नव्हती. मग एक पातळ वही घेतली आणि जिन्यापाशी उभा राहिलो.

तेवढ्यात आईचा व्हॉइस मेसेज आला. भारतात सकाळ होती.

"काय रं, हे असलं गार खाल्लंस व्हय? वाफ तर कुठंच दिसंना."

मी जिन्यात जाऊन हळू आवाजात फोन लावला. "अगं आई, गार कसलं! जीभ पोळली माझी. अजून चव कळत नाहीये."

ती क्षणभर गप्प झाली. मागे कुकरची शिट्टी झाली.

"मग वर तेलाचा थर असंल जाड," ती म्हणाली. मी तवंगाचं काहीही सांगितलं नव्हतं. "तांबड्या रश्श्याचं तेच की. पाहुण्यांस्नी वाढताना मी दरवेळी सांगते, वाफ न्हाई म्हणून फसू नका. तू तर घरचा माणूस, तुला कळाय नको? तूप लाव जिभंला."

"लावतो."

"आणि तेल कसलं घालत्यात त्यात? सोयाबीनचंच असंल न्हवं?"

मी खुर्चीवरच्या शेवटच्या माणसाकडे बघत म्हटलं, "आई, इथं फोनवर बोललेलं चालत नाही. ठेवतो."